टाकांतला फ्रान्सचा राजा
देव घासायला चिंच भिजवली की तिच्या वासाने आजही मला तो हवालदार आठवतो. मला जुन्या नाण्यांचा नाद. तारकर्लीला रापणीच्या जाळ्यात आलेलं चांदीचं नाणं मी मच्छीमारांकडून मागून आणलं होतं. सोनार म्हणाला, फ्रान्सच्या जुन्या राजाचं आहे. मग कोणीतरी उठवलं की मला गुप्तधन सापडलं. एका सकाळी घरापुढच्या खळ्यात हवालदार उभा. नाणं माझ्या हातातच होतं. बायको चिंचेने देव घासत बसली होती. तिने नाणं ओढून घेतलं, कुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात पूर्वजांच्या चांदीच्या टाकांमध्ये ठेवून दिलं. हवालदाराने घर धुंडाळलं आणि शेवटी देव्हाऱ्यापुढे वाकला. आता बेड्या पडणार, मला वाटलं. "काकी, हो लांब केसांचो देव कोण?" "आमचो मूळपुरुष. बोट दाखवू नको, कोपता." तो निमूट पाया पडून गेला. मी नाणं काढायला गेलो तर ती म्हणाली, "हात लावलात तर बघा. देवासमोर खोटा बोललंय मी. आता तो देवच." ती गेली त्याला सहा महिने झाले. त्या राजाला रोज फूल मीच वाहतो. कोपला तर मध्ये पडायला आता ती नाही.