स्टिअरिंगवरचा ठिपका

नोकरीतल्या कितीतरी केसेस विसरलो, पण स्टिअरिंगची ती केस डोक्यातून जात नाही. माल मिळाला, आरोपी मिळाला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. तरी ती आठवली की मला माझीच चीड येते.

उस्मानपुऱ्यातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांकडे वडिलांच्या वेळची मोटार होती. स्टिअरिंग जड फिरू लागलं म्हणून त्यांनी ती खुलताबादच्या एका वयस्कर मिस्त्रीच्या गॅरेजात दिली. मिस्त्रीने स्टिअरिंग काढून आतली दुरुस्ती केली आणि ते परत बसवलं. महिनाभराने एका जाणकार पाहुण्याने सांगितलं, हे मूळचं स्टिअरिंग नाही, नक्कल आहे. मालक तडक ठाण्यात आले.

त्यातच आमच्या खबऱ्याने टीप दिली की, हा मिस्त्री जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गोणीत स्टिअरिंग घेऊन फिरताना दिसला. मला तेवढं पुरे झालं. भर दुपारी जीप गॅरेजसमोर उभी केली आणि चार लोकांदेखत त्याला उचलून आणलं.

गोणीतलं स्टिअरिंग दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं होतं, असं तो म्हणाला. मी हसलो.

"साहेब, मीच काढलं, मीच बसवलं. बीच का नट खोला अन् स्टिअरिंग उपसा. काढायच्या आधी मी टोच्यानं दोन ठिपके मारतो. एक दांड्यावर, एक स्टिअरिंगवर, समोरासमोर. म्हंजे परत सरळ बसतं. उस्तादनं तसंच शिकवलं. ठिपके नाय दिसले तर मला आत टाका."

मालकांना फोन केला. ते म्हणाले, "आता माझ्या गाडीला कुणी पाना लावायचा नाही." मी 'बरं' म्हणालो. इस्त्रीच्या कपड्यातला माणूस बोलला की आपण ऐकतो आणि ग्रीसच्या हातांचा बोलला की बनाव वाटतो. पोलीसही त्याला अपवाद नाहीत. मिस्त्रीला तीन दिवस ठाण्यात बोलावून सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं. "कबूल कर, सोडतो," माझं चालू. "नट खोला ना, साहेब," त्याचं चालू.

हाती काहीच लागेना, तेव्हा कुठे मालकांना राजी केलं आणि पंचांसमक्ष दुसऱ्या मेकॅनिककडून नट खोलला. दहा मिनिटांचं काम. दांड्यावर ठिपका होता, स्टिअरिंगवर नव्हता. दांड्याच्या टोकावर हातोडीचे घाव होते.

"हे मिस्त्रीचं काम नाय, साहेब," मेकॅनिक म्हणाला. "ते पुलर लावून ओढतेत. हातोडी नवशिका मारतो."

म्हणजे मिस्त्रीनंतर कुणीतरी हात मारला होता. गाडीची चावी मालकांखेरीज फक्त त्यांच्या पुतण्याकडे असायची. त्याने तासाभरात कबुली दिली. मूळ स्टिअरिंग त्याने विकलं होतं, ते जुन्या गाड्यांच्या एका शौकिनाकडून जप्त केलं. त्यावर ठिपका होता, अगदी सांगितला तिथेच.

कोर्टाच्या आदेशाने मुद्देमाल मालकांना परत मिळाला. ते ओशाळून म्हणाले, "बसवायला मिस्त्रीलाच बोलवा." शिपायाला न पाठवता मी स्वतः गेलो. गॅरेजात मिस्त्री गाडीखाली होता आणि शेजारी एक गिऱ्हाईक हाताची घडी घालून उभं होतं.

"पहिलं लोक चावी टाकून जायचे, साहेब," बाहेर आल्यावर मिस्त्री हळूच म्हणाला. "आता उभे ऱ्हातेत. चहाला पण जात नाय."

माफी मागायची म्हणूनच मी आलो होतो, पण त्या गिऱ्हाइकासमोर फक्त मालकांचा निरोप सांगितला.

तरी तो मालकांकडे आला. ठिपक्यासमोर ठिपका आणला, नट आवळला, हॉर्नचं बटण बसवलं. स्टिअरिंग रेषेत सरळ. एकटा सापडला की बोलावं म्हणून मी पूर्ण वेळ गाडीच्या दाराशी उभा होतो. फडक्याला हात पुसत तो म्हणाला, "झालं, साहेब. बघून घ्या."

"मी बघायला नाही थांबलो, मिस्त्री."

"सगळे असंच म्हणतेत, साहेब."

माफी तशीच राहिली. पुढे प्रत्येक केसमध्ये संशयित जे 'तपासून बघा' म्हणाला, ते मी आधी तपासलं. त्या सवयीने दोन-चार निरपराध वाचलेही असतील. ज्याच्यामुळे ती लागली, त्याच्या गॅरेजात मात्र लोक उभेच राहिले.