बाल्कनीतला लेखक आणि मांडवातला मी

लग्नाच्या मांडवात माइक हातात आला की माझी उंची वाढायची. एरवी मी अवसरी बुद्रुकचा, बटाटा लावणारा, अंगानं भरलेला, मिशीवाला माणूस. पण नव्वदच्या दशकात मंचरपासून जुन्नरपर्यंतच्या कितीतरी लग्नांत, नवरदेव मारुतीच्या देवळापासून नाचत नाचत मांडवात येईपर्यंत, सगळा मांडव जागेवर धरून ठेवला तो मी. आमच्याकडे अक्षता पडायच्या आधी पाहुण्यांचं नाव, गाव आणि नातं घेऊन माइकवरून स्वागत करतात. एक मामा राहून गेला तर दोन घरांचं बोलणं बंद होतं. माझ्याकडून मामा कधी राहिला नाही. त्या मुलखात माझ्यासारखा दुसरा निवेदक नाही असं मला वाटायचं, आणि खरं सांगू का, नव्हताच.

हाच माणूस पुढे ब्लॉग लिहायला बसला आणि त्याची शेळी झाली.

दोन हजार साल मागे पडलं होतं. मंचरच्या बाजारपेठेत एका मारवाडी शेठनं कापडाच्या दुकानावरच्या माडीवर सायबर कॅफे काढला होता. वीज असली की मी तिथं जाऊन बसायचो. मराठी ब्लॉग तेव्हा नवे होते. पुण्यातल्या एका विद्वान गृहस्थांचा ब्लॉग मी भक्तिभावानं वाचायचो. हळूहळू माझ्या डोक्यात लेखकाचं चित्र पक्कं झालं: सडपातळ, चष्मा, हातात कप, समोर बाल्कनी. त्या चित्रात मिशीला जागाच नव्हती. मग मी माझ्या ब्लॉगवर गावाचं नाव ‘पुणे’ टाकलं, फोटोच्या जागी शाईच्या पेनाचं चित्र लावलं आणि लेख लिहिला, ‘बाल्कनीतली संध्याकाळ’. आमच्या घराला बाल्कनी नव्हती. संध्याकाळी मी मोटार बंद करायला मळ्यात असायचो. तरीही त्या बाल्कनीत मी अनेक लेख उदास बसून काढले. प्रतिक्रिया एकच आली, तीही मी टोपणनावानं लिहिलेली.

एकदा शेठ माझ्या खुर्चीमागे उभे राहून वाचत होते. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात स्वागत मीच केलं होतं.

“भाऊ, हे कोणी लिवलंय?”

“मीच की.”

“मग माज्या पोरीच्या लग्नात कोण आलं व्हतं?”

मी कॉम्प्युटर बंद केला आणि शेठकडे न बघता जिना उतरलो. राग शेठचा नव्हता. त्या बाल्कनीतल्या चष्मेवाल्याचा होता. माझ्याच खुर्चीत बसून तो मला ओळख दाखवत नव्हता.

त्याच आठवड्यात मढला लग्न होतं. नवरदेव अजून देवळापाशीच, मांडव खच्चून भरलेला, आणि लाइट गेली. लोडशेडिंगचे दिवस. जनरेटर सुरू होईना. माइक मेला. माणसं उठायला लागली तसा मी खुर्चीवर चढलो आणि नुसत्या घशावर स्वागत सुरू केलं. कोणत्या आत्या पहाटेच्या एसटीनं आल्या, कोणत्या मेव्हण्यानं फेटा उलटा बांधलाय, कोण रुसून मागच्या खांबाला टेकलाय, सगळं. खांबाला टेकलेले काका हसत हसत पुढे आले. लाइट आली तेव्हा मला माइक द्यायला माणूस धावला. मी तो घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी माडीवर बसून मी हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. बोललो तसंच. आणि ब्लॉगवर माणसं आली. कुणी मुंबईहून, कुणी आखातातून. लेण्याद्रीच्या पायथ्याचं माहेर असलेली एक बाई मस्कतहून लिहीत होती. आता आलेल्या पाहुण्याला नुसतं ‘धन्यवाद’ म्हणणं माझ्या धंद्यात बसत नाही. मी एकेकाला गाव विचारलं, नातं काढलं आणि खाली जाहीर स्वागत केलं. मस्कतच्या ताईंना माहेरच्या मांडवात पुढची खुर्ची दिली. त्यांनी लगेच आपल्या दोन बहिणी आणल्या.

मग ते आले. पुण्याचे विद्वान गृहस्थ, स्वतः. त्यांनी लिहिलं होतं, “आपलं लेखन गमतीदार आहे. मात्र ब्लॉग म्हणजे लग्नाचा मांडव नव्हे. हा गावरान गोंगाट कमी केलात, तर आपण लेखक होऊ शकाल.”

ज्या एका माणसानं मला लेखक म्हणावं असं वाटत होतं, तो म्हणायला तयार होता. फक्त त्यासाठी मी माझ्याच मांडवातून उठून जायचं होतं.

शेठ म्हणाले, “त्यांनी लिवलेलं पुसून टाका राव, कोणाला कळायचं न्हाई.”

मी पुसलं नाही. आधी पेनाचं चित्र काढलं. त्या जागी मढच्या लग्नातला, खुर्चीवर चढलेला, तोंड उघडं असलेला माझा फोटो लावला. ‘पुणे’ खोडून ‘अवसरी बुद्रुक, तालुका आंबेगाव’ लिहिलं. मग मिशीवरून हात फिरवला आणि उत्तर टाइप केलं:

“पुण्याहून खास आपल्या मांडवात आलेले थोर पाहुणे, यांचं समस्त मंडळींच्या वतीनं मनःपूर्वक स्वागत. गोंगाट असाच राहील. साहेबांनी पुढे येऊन बसावं, जेवल्याशिवाय जाऊ नये.”

मस्कतच्या ताई आणि त्यांच्या बहिणींनी खाली टाळ्या लिहिल्या. कुणीतरी साहेबांना कोणाच्या बाजूचे म्हणून विचारलं, मुलीच्या की मुलाच्या. मी वाट बघत होतो. ते चिडून जातील, त्यांच्या ब्लॉगवर माझी शोभा करतील, आणि मग कुणी सुशिक्षित माणूस माझ्याकडे फिरकणार नाही, हे मला दिसत होतं. तरी मी एक शब्द मागे घेतला नाही.

चार-पाच दिवसांनी त्यांची एक ओळ आली. “पुढे नको. मी मागेच बरा.”

मी लिहिलं, “हरकत नाही साहेब. मागे आवाज नीट येतोय ना, तेवढं सांगा.”

त्यांचं उत्तर एका शब्दाचं होतं. “येतोय.”

मग मी आवाज आणखी थोडा वाढवला.