दत्ताची दुलई आणि माझा नजरबट्टू

समस्त भाविकांना, आणि त्यातही एका छताखाली नांदणाऱ्या जावांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की परमेश्वर शिवणकामात जातीने लक्ष घालतो. हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या मार्गशीर्षात, आमच्या जयेंद्रगंजच्या घरात, मी जिथे रजया शिवते त्या खोलीत हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. त्या वेळी माझ्या मनात भक्ती थोडी आणि जळफळाट फार होता, हेही आधीच सांगून टाकते.

आमच्या गल्लीतल्या मंदिरात दत्तजयंतीच्या शेजारतीपासून देवाला दुलई पांघरतात. ग्वाल्हेरच्या थंडीत देवाला तरी उघडं कसं ठेवायचं? नवी दुलई देण्याचा मान आमच्या घराचा, आणि ती शिवायची माझी धाकटी जाऊ शुभा. हाताने. तिचे टाके मोती ओवल्यासारखे. दरवर्षी गुरुजी दुलई उलगडायचे आणि भरल्या मंदिरात म्हणायचे, "वा, शुभावहिनी! काय हात आहे!" मी मागे उभी राहून टाळ्या वाजवायचे, जरा जास्तच जोरात. रजयांचा धंदा माझा, नक्षी काढणारं मोठं मशीन माझं, आणि नाव कुणाचं? तर दुपारच्या फावल्या वेळात सुई हातात घेणाऱ्या शुभाचं. शेवटी यंदा मी जाहीर केलं, की देवाची दुलई मशीनवर होईल. शुभा नुसतं "बरं, वहिनी" म्हणाली. इतकं गोड म्हणाली की मला धडकीच भरली. कारण नवी दुलई वेळेत झाली नाही तर गेल्या वर्षीचीच पांघरायची, असा मंदिराचा रिवाज. म्हणजे पुन्हा शुभाचीच. देव काही गारठणार नव्हता. जळणार होते ती मी.

माझं मशीन जुनं आहे. कापड चौकटीत ताणून बसवायचं, वरून सुई नक्षी काढत फिरते. दोन बाजूंना दोन खांब, आणि एका खांबातून दुसऱ्याकडे डोळ्यांना न दिसणारा किरण जातो. त्यात कुणाचा हात आला की मशीन जागच्या जागी थांबतं आणि तांबडा दिवा लागतो. दोरा तुटला तरी तोच दिवा, वायर ढिली झाली तरी तोच. पडद्यावरची अक्षरं कधीच उडाली आहेत, त्यामुळे मशीनला नेमकं काय दुखतंय ते आपणच ओळखायचं. काम सुरू करण्याआधी, दृष्ट लागू नये म्हणून, मी टोपी बाजारातून काळ्या लोकरीचा एक गलेलठ्ठ नजरबट्टू आणला आणि दाराजवळच्या खांबाला टांगला. कुणाच्या नजरेसाठी, ते विचारू नका.

सकाळभर मशीन गाणं म्हटल्यासारखं चाललं. मग शुभा दार ढकलून चहा घेऊन आली आणि तांबडा दिवा लागला.

"रुकलं का, वहिनी?" तिने विचारलं. विचारताना तिचे डोळे चमकले, असं मला आजही शपथेवर सांगता येईल.

मी दोरा पाहिला, शाबूत होता. दोरा तुटल्याची खबर देणाऱ्या सेन्सरवरचा कापूस ब्रशने झाडला. मीटर लावून वीज मोजली, ठीक होती. सगळे जोड काढून पुन्हा घट्ट बसवले. शुभा गेली, मशीन चालू! दुपारी ती चहाचा कप न्यायला आली, मशीन बंद! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग मी मशीन तपासणं सोडलं आणि शुभाला तपासू लागले. ती आली की बंद, गेली की चालू. यापेक्षा आणखी कुठला पुरावा हवा? जयंतीच्या आदल्या दिवशी मी स्पष्टच सांगितलं, "आज इकडे फिरकू नकोस, बाई." ती माहेरी, गावातल्याच हरिशंकरपुरमला निघून गेली. मी देवाला हात जोडले आणि म्हटलं, दत्ता, आता मधे कुणी नाही, आता तुझी दुलई होऊ दे.

आणि मशीन बंद पडलं.

दारात शुभा नव्हती. दार नाकाने ढकलून एक तांबूस कुत्रा आत आला होता. आमच्या गल्लीतली सगळी कुत्री मला ओळखतात. हा मी कधी पाहिला नव्हता. दत्ताच्या पायाशी बसणाऱ्यावर वाईट नजरेचा आळ कसा घ्यायचा? दारातून आलेल्या वाऱ्याने नजरबट्टू झोके घेत होता, खांबाच्या पुढे, किरणाच्या वाटेत. कुत्र्याने तो पाहिला, उडी मारली, तोडला, दोन झटके दिले, माझ्या पायाशी टाकला आणि आल्या वाटेने निघून गेला.

मी मशीन पुन्हा सुरू केलं. दार उघडलं, लावलं, परत उघडलं. सुई चालतच राहिली. मग तो ओला काळा गोळा हातात धरून किरणात नेला. तांबडा दिवा लागला. मी खाली बसले आणि हसू का रडू ते कळेना. तो कुत्रा कुठून आला, कुणी धाडला, याची चर्चा मी कुणाशी करत नाही. एवढंच कळलं, की देवाचं काम अंगावर घ्यायचं आणि पहारा मात्र आपला बसवायचा, हे त्याला चालत नाही. दार उघडं टाकावं, येईल त्याला येऊ द्यावं.

मी शुभाला फोन केला, "ये ग. कडेची मगजी हातानेच लावावी लागते, आणि हात तुझा आहे." ती लगेच आली. चहा मी केला.

शेजारतीला गुरुजींनी दुलई उलगडली. "क्या बात है! यंदा थोरल्या वहिनींनी बाजी मारली!" हे ऐकण्यासाठी मी वर्षानुवर्षं तळमळले होते. आणि माझ्याच तोंडून निघालं, "मगजी शुभाची आहे, गुरुजी." देवाच्या खांद्यावर दुलई चढली. मी मनापासून हात जोडले. सगळं मंदिर शांत झालं होतं, आणि त्या शांततेत माझ्या शेजारी डोळे मिटून उभी असलेली शुभा एकदम मोठ्याने बोलून गेली:

"देवा, वहिनींचं मशीन बंद पडावं म्हणून मी नारळ बोलले होते, ते पडलंही आणि चालूही झालं, तर आता फोडायचा का नाही?"