सहा 'नक्की देतो' आणि एक पत्र

मधूदादाला तुरुंगात एक वर्ष जास्त ठेवलं ते आपण.

जज्जने नाही. आपण. इथली, अमेरिकेतल्या ट्रॉयमधली चांगल्या घरची मराठी माणसं.

आज सकाळी तो गेला. दुपारपर्यंत ग्रुपवर फुलं, जोडलेले हात, 'सच अ जेंटल सोल'. वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आपल्याच एका पार्टीतून तो पिऊन गाडी घेऊन निघाला आणि रस्त्यात एक माणूस मेला. दादाने ते कधी नाकारलं नाही.
ग्लास आपणच भरत होतो, हेही तो कधी कोणाला बोलला नाही.

काही वर्षांनी पॅरोलची, म्हणजे मुदतीआधी सुटण्याची, सुनावणी आली. त्याची बायको, शोभावहिनी, दर रविवारी भेटायला जायच्या आणि तिथल्या टेबलावर स्वतः पॅरोल बोर्ड असल्यासारखे प्रश्न विचारून त्याची तयारी करून घ्यायच्या.

"चूक कोणाची?"
"माझी. मी प्यायलो, मीच गाडी चालवली."
"बाहेर तुमचं कोण आहे?"

या उत्तरासाठी पत्रं लागणार होती. आम्ही याला ओळखतो, सुटला तर मदत करू, एवढं एक पान, ज्याने त्याने थेट बोर्डाला पाठवायचं.

वहिनी सहा घरी गेल्या. सहाही घरी चहा झाला.
"अहो वहिनी, विचारताय काय? नक्की देतो!"

तोंडावर नाही म्हणायचं नसतं ना आपल्यात!

वहिनींनी त्याला सांगितलं, सहा. त्याने बोर्डाला सांगितलं, "सिक्स फॅमिलीज आर विथ मी, सर."
समोरच्याने फाइल उघडली. आत एकच पत्र. बायकोचं.

एकाने जरी स्पष्ट नाही म्हटलं असतं, तरी वहिनी सावध झाल्या असत्या.

पॅरोल नाकारला. आणखी एक वर्ष. त्या वर्षात त्याची मुलगी सायकल शिकली, शेजारच्या अमेरिकन म्हाताऱ्याकडून. आपल्यातलं कोणी तेवढ्यासाठीही फिरकलं नाही.

आता 'तू कोण मोठा शहाणा' म्हणून कमेंट करू नका. त्या सहांतला एक मी.
माझी ग्रीन कार्डची फाइल चालू होती. घाबरलो. पत्र टाइप केलं, सही केली नाही, ड्रॉवरमध्ये टाकलं.
ग्रीन कार्ड मिळालं. पत्र तिथेच राहिलं.

सुटल्यावर तो माझ्या मूव्हिंगला आला, न बोलावता. सोफा उचलताना म्हणाला, "त्या दिवशी खोटारडा ठरलो रे."
बाकी काही विचारलं नाही. मी सोफ्याचं दुसरं टोक उचललं.

आज ते पत्र शोधून काढलं. शेवटची ओळ आहे, 'ते सुटतील त्या दिवशी त्यांना घ्यायला मी स्वतः येईन.'

खाली सही केली. उद्या फ्युनरल होममध्ये वहिनींच्या हातात देणार आहे. त्यांनी तोंडावर फेकलं तरी चालेल.
बाकीच्या पाच घरांनीही फुलं आणू नयेत. पत्र आणावं.

मधूदादा, घ्यायला आलो नाही. उद्या पोचवायला येतोय.
माफ करू नकोस.