पेपर न अंथरलेली खुर्ची

"आधी पेपर अंथर रे तिच्यावर," साहेब शिपायाला म्हणाले.

मी बसायला वाकलो होतो. तसाच थांबलो. शिपायानं कपाटावरचं जुनं वर्तमानपत्र काढलं, खुर्चीवर पसरलं, कोपरे नीट केले. मग म्हणाला, "हां, बसा आता."

मी बसलो.

अंघोळ करून गेलो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. पण साहेबांना आमचं काम माहीत होतं. माझं आडनाव समोरच्या अर्जावर होतं. तेवढं पुरलं.

उन्हाळा होता. उठलो तेव्हा पेपर घामानं पँटला चिकटून आला. बाहेर पायरीवर आमच्या बाया थांबल्या होत्या. गयाबाई म्हणाली, "भाऊ, मागं काय बातमी चिकटवून आणली?" सगळ्या हसल्या. मीही हसलो. पेपर कुठून आला, ते कुणी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं.

दापोडीच्या आमच्या वस्तीत बहुतेक घरं मराठवाड्यातून आलेली. बाया चाकणपर्यंतच्या सरकारी आवारांतले संडास आणि गटारी साफ करतात. मीही गटारीत उतरतच वाढलो. आधी सगळे एका ठेकेदाराकडं होतो. तो पगार कापायचा, हातमोजे द्यायचा नाही. म्हणून आम्ही आमची सहकारी संस्था काढली. बारावी झालेला मी एकटा, म्हणून अध्यक्ष झालो.

साहेबांच्या कार्यालयानं काढलेल्या सफाईच्या ठेक्याची निविदा भरली. मधल्या माणसाचा नफा नाही, म्हणून दर आमचाच कमी. तरी ठेका त्या जुन्या ठेकेदारालाच गेला. कारण दिलं की आम्ही अनुभवाचा दाखला जोडला नाही. जोडला होता. शिक्क्याची पोच माझ्या खिशात होती. तेच विचारायला मी त्या दिवशी पेपरवर बसलो होतो. साहेबांनी पोच बघितलीच नाही. म्हणाले, "तुम्ही लोकांनी काम करावं. ठेका घेणं ही वेगळी गोष्ट आहे."

कोर्टात जायचं ठरलं. पैसे कुठून आणायचे? बायांची भिशी चालायची. दर महिन्याला एकीचा नंबर. त्या महिन्यात गयाबाईचा होता. तिची पोरगी नर्सिंगला जाणार होती, फी त्यातूनच भरायची होती. गयाबाईनं पैसे रुमालात बांधून माझ्यासमोर ठेवले. "वकिलाला दे. परत आले की पोरीचं बघू," म्हणाली. पुढचे नंबरही एकामागून एक कोर्टातच गेले. त्यात कुणाचं पत्र्याचं छत होतं, कुणाचं ऑपरेशन.

आम्ही जिंकलो. उच्च न्यायालयानं ठेका रद्द केला, आमची निविदा ग्राह्य धरायला सांगितली. आणि निकालाच्या शेवटी एक ओळ होती: संस्थेला झालेला दाव्याचा खर्च कार्यालयानं द्यावा. समाजमंदिरात मी निकाल वाचला. गयाबाई म्हणाली, "ती शेवटची ओळ परत वाच." मी परत वाचली. पोरगी दारात उभी राहून ऐकत होती.

काम मिळालं. खर्च मिळेना. कधी फाइल लेखा विभागात, कधी साहेब मीटिंगला. मी व्हरांड्यात उभा. शिपाई म्हणायचा, "राव, निकाल लागला की न्हाई? मग कशाला चपला झिजवताय?" तिकडं पोरीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची तारीख जवळ येत होती.

मग एके दिवशी साहेबांनी स्वतः फोन करून बोलावलं.

ही पुढची गोष्ट सांगायची म्हणून मी हे लिहितोय.

मी आत गेलो. साहेब उठून उभे राहिले. "या, अध्यक्षसाहेब. बसा." शिपाई बाजूला उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं. तो हलला नाही. खुर्चीवर पेपर आला नाही. मी बसलो. कपबशीत चहा आला, साहेबांच्या कपासारख्याच कपात.

माझा बाप गावाकडं तहसीलमध्ये गेला की रिकामं बाकडं सोडून दाराशी उकिडवा बसायचा. मी त्याच्या शेजारी. बाकड्यावर बसू, म्हटलं की माझा हात दाबायचा. त्या दिवशी चहा पिताना मला बाप आठवला. वाटलं, दादा, बघ, मी कुठं बसलोय.

साहेब म्हणाले, "आता आपण एका घरातले. घरातल्यांनी एकमेकांकडं कोर्टाचा खर्च मागायचा का? काम तर तुम्हाला दिलंच ना." आणि एक कागद पुढं सरकवला. त्यावर टाइप केलं होतं: न्यायालयानं मंजूर केलेल्या खर्चाबाबत संस्थेची कोणतीही मागणी उरलेली नाही.

मला फसवलं, असं मी म्हणणार नाही. मी कागद वाचला. मला कळला. गयाबाईचा रुमालही डोळ्यांसमोर आला. तरी सही केली. त्या खुर्चीवरून 'नाही' म्हटलं तर पुन्हा पेपर येईल, याची भीती वाटली.

संध्याकाळी समाजमंदिरात सगळ्यांना सांगितलं. साहेब उठून उभे राहिले, हे आधी सांगितलं. सही नंतर. गयाबाई हातातल्या बांगड्या मागं-पुढं करत बसली. मग म्हणाली,

"खुर्ची केवढ्याला पडली, भाऊ?"

मी म्हणालो, "राजीनामा देतो."

"राजीनामा देऊन मोकळा व्हतो का? मग फेऱ्या कोण मारील, तुझा साहेब?"

वकीलबाईंकडं गेलो. त्या म्हणाल्या, "संस्थेच्या सभेचा ठराव नाही, त्यामुळं या सहीला आव्हान देता येईल. पण तुम्हाला प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल. सही का केली, ते खरं लिहावं लागेल."

"खुर्ची दिली म्हणून."

त्यांनी पेन थांबवलं. "असंच लिहू?"

"असंच. आणि त्याआधी पेपर अंथरला होता, तेही लिहा."

आयुष्यभर झाकलेली गोष्ट शपथेवर लिहिली. सही करण्याआधी तो कागद दोनदा वाचला. साहेबांच्या टेबलावर एकदाच वाचला होता.

प्रतिज्ञापत्राची प्रत द्यायला कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, "बसा ना, अध्यक्षसाहेब." मी उभाच राहिलो. त्यांनी कागद वाचला. चेहरा पुन्हा पहिल्या दिवसासारखा झाला. "उपकार विसरू नका. काम काढून घ्यायला वेळ लागत नाही."

मी म्हणालो, "काम उपकारानं नाही मिळालं. निकालानं मिळालं. त्याच निकालात खर्चाची ओळ आहे."

प्रवेशाची तारीख निघून गेली. गयाबाईची पोरगी आता चाकणला एका कंपनीत पॅकिंगला जाते. सकाळची शिफ्ट असली की बसथांब्यावर दिसते. "मामा, जाते," म्हणते. मला म्हणते, ज्यानं तिची फी एका कप चहात घालवली. पैसे आले तरी तिचं हे वर्ष परत येणार नाही. हे माझ्यामुळं झालं. साहेबांमुळंही झालं. माझा वाटा मी नाकारत नाही, आणि त्यांचा त्यांना नाकारू देणार नाही.

आमचा अर्ज अजून कोर्टात आहे. मी दर सोमवारी कार्यालयात जातो. आता एकटा जात नाही. दोन बाया बरोबर असतात आणि त्या आत येतात. साहेब 'बसा' म्हणतात. आम्ही तिघंही उभे राहतो. टेबलासमोर तिघं उभे असले की साहेबांना फार वेळ बसवत नाही, हे आमच्या लक्षात आलंय.

खर्च हातात पडेल त्या दिवशी गयाबाईला घेऊन जाणार आहे. त्याच खुर्चीवर ती बसेल. कुणी 'बसा' म्हणायची वाट न बघता.