प्रत्येक रंगाची काठी वेगळी

आमच्या घरात रंगाची चूल पेटली, तरच स्वयंपाकाची पेटायची. बंगळूरच्या कब्बनपेठेत अप्पा, म्हणजे माझे वडील, विणकरांचं रेशीम रंगवून द्यायचे. दोन खोल्या, मागे अंगण आणि अंगणात तांब्याची मोठी पातेली. पुढे रंगवलेलं सूत बाजारात तयार मिळू लागलं आणि पातेली आठवडेच्या आठवडे पालथी राहू लागली. मग आई रागीच्या मुद्देबरोबर, म्हणजे नाचणीच्या उकडलेल्या गोळ्याबरोबर, नुसतं पातळ सार वाढायची आणि म्हणायची, "आज भाताला सुट्टी." थोरल्या अण्णाने शाळा सोडून अप्पांच्या हाताखाली काम धरलं, म्हणून मी शिकलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी आजही छाती काढून सांगतो. लाजण्यासारखं त्यात काय आहे?

एकोणीसशे साठ साल उलटल्यावर एका कारखान्यात, साचे बनवायच्या विभागात, इंजिनिअर म्हणून लागलो. पण नेमणूक कच्ची. इकडे अप्पांना चुलीच्या धुराने खोकला जडलेला. माझी नोकरी पक्की झाली की पातेली विकायची, असं अण्णाने ठरवून टाकलं होतं.

टेलिफोनचे रिसीव्हर तेव्हा बेकेलाइटचे, म्हणजे काळ्या कडक प्लॅस्टिकचे असत आणि त्यांचे साचे परदेशातून येत. पहिला साचा आम्ही इथे केला. पोलादाला पाणी देऊन ते कडक केलं. उरलं चकाकीचं काम, ते माझ्या गळ्यात पडलं. साच्यावर जो ओरखडा, तो त्यातून निघणाऱ्या प्रत्येक रिसीव्हरवर उमटणार. म्हणून आतून आरसा हवा. आधी जाड दगडाने घासायचं, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी लाकडाच्या काडीला हिऱ्याच्या भुकटीचा लेप लावून, तोही आधी जाड भुकटीचा, मग बारकीचा. दर वेळी आधीच्या रेघांना आडवं घासायचं, म्हणजे जुन्या रेघा पुऱ्या गेल्या की नाही ते दिसतं.

सगळं असंच चाललं होतं. तरी शेवटच्या लेपाला, आरसा दिसू लागला की मधोमध एक खोल रेघ उठायची. मागे जाऊन ती घालवावी, तर पुढे आल्यावर दुसरी.

साहेबांनी भिंगातून पाहिलं. "पोलादच खराब दिसतंय. महिनाअखेर जमलं नाही, तर साचा देशाबाहेर पाठवू. मग या कामाला इथे इंजिनिअर कशाला ठेवायचा, ते तुम्हीच सांगा."

मी पुन्हा पहिला दगड उचलला.

रविवारी घरी बऱ्याच दिवसांनी काम आलं होतं. पिवळ्याचं झालं होतं, तांबड्याचं घालायचं होतं. अण्णा म्हणाला, "इंजिनिअरसाहेब, स्वल्प हात लावता का, की त्यालाही हुकमाचा कागद लागतो?"

मी कोपरापर्यंत हात धुतले, पिवळ्याची काठी बाजूला ठेवली आणि तांबड्याची उचलली. लहानपणापासूनची सवय. लाकूड रंग पितं. कितीही धुवा, दुसऱ्या पातेल्यात तो सोडतंच. म्हणून आमच्याकडे प्रत्येक रंगाची काठी वेगळी, फडकं वेगळं.

काठी हातात धरून मी तसाच उभा राहिलो.

"ढवळ की," अण्णा म्हणाला. "का साहेबांची परवानगी यायचीय?"

कारखान्यात आमच्या सगळ्या काड्या एका डब्यात होत्या. जाड भुकटीची काडी रॉकेलने पुसून बारकीला वापरायची. फडकं एक, टेबल एक. लाकडात रुतलेला जाड कण शेवटी बाहेर यायचा आणि रेघ ओढायचा. पोलादाचा काही दोष नव्हता.

सोमवारी मी जुन्या काड्या टाकून दिल्या. प्रत्येक भुकटीला नवी काडी, वेगळा डबा, वेगळं फडकं. शेवटच्या लेपाचं टेबल दगडांपासून लांब, खिडकीशी. आणि पुढची भुकटी घ्यायच्या आधी हात आणि साचा, दोन्ही धुवायचे.

कारागिरांना विषयच मिळाला. "मडी पाळायला लागले," म्हणाले. मडी म्हणजे आपलं सोवळं. त्यातला सर्वांत वयस्कर म्हणाला, "काय स्वामी, उद्यापासून ओला पंचा नेसून येऊ का?"

"नको. नखं कापून या, पुरे."

"आणि शिवलं कुणी, तर?"

"तर साचा पुन्हा पहिल्या दगडापासून. तुम्हीच घासायचा."

"सरी, सरी," म्हणजे बरं बरं, म्हणत तो नळाकडे गेला.

रेघ पुन्हा उठली नाही. रिसीव्हरमध्ये जिथे वायर आत जाते, तिथल्या अरुंद खाचेत मनासारखा आरसा आला नाही, तो नाहीच. साहेबांनी साच्यात स्वतःचा चेहरा पाहिला, मिशीवरून हात फिरवला आणि साचा कामाला सोडला.

माझी नोकरी पक्की झाली. अण्णाने पातेली विकली; काठ्या मात्र अप्पांनी विकू दिल्या नाहीत. आणि मी तिथे होतो तोवर आमच्या विभागातला एकही साचा चकाकीसाठी देशाबाहेर गेला नाही.