परवापर्यंत

पत्र्याच्या पेट्या करणाऱ्या त्या दोन भावांपैकी थोरल्याला सगळी गल्ली परवाशेठ म्हणायची. कारण उघड होतं. कुणीही दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन "माझं काम कधी होणार?" असं विचारलं, की हातातली कात्री न थांबवता तो सांगायचा, "परवा घेऊन जा." तो परवा गेला की पुढचा परवा. गिऱ्हाइकं चिडायची, भांडायची आणि पुन्हा त्याच्याकडेच यायची, कारण धाकट्याच्या हातची कड सरळ असायची. पत्र्याची कड दुमडून त्याने हातोडीने बसवली, की खुशाल बोट फिरवून बघावं, कुठे उंचवटा लागायचा नाही. थोरल्याने तारखा द्यायच्या आणि धाकट्याने काम द्यायचं, असं वडील गेल्यापासून चाललं होतं.

धाकटा तसा हसतमुख गडी. दिवसभर दुकानात दणदणाट, आणि त्याच्यावर कडी म्हणून हा शीळ घालणार. कुणी कानांवर हात ठेवले की म्हणायचा, "शांतता शेजारच्या दुकानात मिळते, आमच्याकडे पेट्या." घरीसुद्धा तो बोलला की चार घरांना बातमी कळायची. आता त्याच माणसाला वाटीत चमचा पडला तरी सोसत नव्हतं.

झालं ते अगदी एवढंसं. धाकटा शिडीवर चढून माळ्यावरचे पत्रे काढत होता आणि थोरल्याने खाली शिडी धरली होती. तेवढ्यात बेकरीवाली दारात आली. तिला पाव भाजायचे ट्रे हवे होते आणि परवाची वाट बघून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. "परवाशेठ, माझे ट्रे कुठंयत?" ती ओरडली. थोरल्याने सवयीने वळून हात वर केला. "परवा!" तो हात शिडी धरलेला होता. शिडी सरकली, आणि धाकट्याचं डोकं मागच्या बाजूने ऐरणीच्या ओंडक्यावर आपटलं.

दवाखान्यात टाके पडले, डोक्याला ही भलीमोठी पट्टी आली. त्या दिवसांत थोरल्याने भावाचं जे केलं ते आईनेही केलं नसतं. दूध आणलं, फळं आणली, पाय चेपले. दुकानात मोठ्याने बोलणाऱ्याला तो डोळ्यांनीच गप्प करायचा. शिडीचा विषय मात्र त्याने काढला नाही आणि कुणी काढूही दिला नाही. मग टाके निघाले, पट्टी निघाली, आणि दुखणं आतच राहिलं.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. मेंदूला हादरा बसलाय, फोटोत काही दिसत नाही, फोटो स्वच्छ आहे; पण काहींची डोकेदुखी लवकर जाते, काहींची रेंगाळते, तेव्हा आवाज आणि उजेड टाळा, जपून कामाला लागा. थोरल्याने यातला एकच शब्द घरी आणला. "फोटो स्वच्छ आलाय," तो सगळ्यांना सांगत सुटला. "बरा झाला माझा भाऊ."

बरा कसला! सकाळी उठल्याबरोबर कानामागे ठणका सुरू व्हायचा, दुपारपर्यंत डोळ्यांमागे येऊन बसायचा. नव्या पत्र्यावर ऊन पडलं की त्याची तिरीप थेट डोक्यात शिरायची. बोलता बोलता शब्द हातून निसटायचे. जन्मभर नरसाळी केलेल्या माणसाला एके दिवशी नरसाळं हा शब्द आठवेना, आणि "ते ओतायचं, ते ओतायचं" करत तो गिऱ्हाइकासमोर घामाघूम झाला. गोळी घेतली की तासभर बरं, मग पुन्हा तेच. ओळखीचे म्हणत, दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. सुरुवातीला धाकटा यावर हसला होता. "माझी मुंगी वाट चुकली वाटतं," असं म्हणाला होता. पुढे पुढे त्याला ती म्हण ऐकली तरी रडू यायचं.

आणि डोकेदुखी हे दुखणंच मुळी वाईट. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं, ताप आला तर अंग तापतं. डोकं दुखतंय म्हणून सांगावं तर शाळा बुडवणाऱ्या पोरांनी ते कारण वापरून वापरून पार झिजवून टाकलेलं. वर आपण येताजाता ज्याला त्याला म्हणतो, काय डोकेदुखी आहे, डोक्याला ताप देऊ नकोस, डोकं खाऊ नकोस. ज्याचं खरोखर दुखतं त्याच्यासाठी शब्दच उरत नाही. चांगली शहाणीसुरती माणसं धाकट्याला सल्ला देऊन जात, "मनावर घेऊ नकोस, म्हणजे दुखायचं थांबेल." यांच्या मनाला हातोडी लागते की काय कोण जाणे!

थोरला रोज सकाळी एकच प्रश्न विचारायचा, "बरं झालं ना आता?" त्या "ना"मध्येच उत्तर असायचं. धाकटा म्हणायचा, "नाही रे दादा." थोरल्याचा चेहरा पडायचा आणि मग तो म्हणायचा, "होईल. परवापर्यंत होईल." असे किती परवा आले नि गेले. शेवटी शेवटी "नाही" ऐकलं की थोरला चिडायला लागला. अर्धा दिवस काम करून धाकटा घरी निघाला, की त्याच्या पाठीमागे हातोडी जरा जोरातच पडायची. एकदा तो गिऱ्हाइकाला सांगत होता, "फोटो स्वच्छ आहे हो, सवय लागलीय बसून खायची." धाकटा तेव्हा दुकानातच मागच्या पडद्याआड अंधारात डोकं धरून बसला होता. त्याने ते ऐकलं. त्या दिवसापासून त्याला औषध नको होतं, विश्रांती नको होती. दादाने एकदा तोंडाने म्हणावं की तुला दुखतंय, एवढंच हवं होतं.

घरी त्याहून वाईट चाललं होतं. मुलीच्या हातून ताटली पडली तेव्हा तो तिच्यावर इतका ओरडला, की स्वतःच्या आवाजाने कळवळून त्याने डोकं भिंतीला टेकवलं. त्यानंतर पोरगी घरात चवड्यांवर चालायला लागली. तिला तसं चालताना बघितलं की त्याला वाटायचं, आपण या घरातून उठून जावं. एका संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "हे असंच राहणार असेल तर मला जगायचंच नाही." तो हे ओरडून म्हणाला असता तर तिने मनावर घेतलं नसतं. तो शांतपणे म्हणाला, म्हणून ती हादरली. त्या रात्री ती त्याच्या उशाशी हात धरून बसून राहिली.

सकाळी तिने कपाटातून जुनी पट्टी काढली. धुऊन, गुंडाळून ठेवलेली होती.

"बसा इथे," ती म्हणाली.

"हे काय करतेस? जखम कुठाय?"

"जखम होती तेव्हा सगळे नीट वागत होते की नाही? मग गप्प बसा."

"दादाला काय सांगू?"

"काही सांगू नका. मी सांगते, पुन्हा वाहायला लागली म्हणून." तिने गाठ मारली. "आणि डॉक्टरांना सगळं सांगायचं. काल काय बोललात तेसुद्धा. कामावरून आलात की जायचं, मी येतेय बरोबर."

डॉक्टरांनी त्याला समोर बसवून घेऊन बराच वेळ ऐकलं, गोळ्या बदलल्या आणि दर आठवड्याला यायला सांगितलं. पण गल्लीवर जादू केली ती पट्टीने. ज्या बेकरीवालीचा आवाज दोन गल्ल्या ओलांडून जायचा ती उंबऱ्यावरून कुजबुजत विचारायला लागली, "माझे ट्रे?" आणि थोरला कुजबुजत उत्तर द्यायचा, "परवा." ते दोघे असे बोलायला लागले की चोरांचा बेत चाललाय असं वाटायचं. थोरल्याने ठोकाठोकीचं काम मागच्या अंगणात नेलं. दारावर जाड कापड टांगलं. धाकट्याला सावलीत बसून आखायचं, मोजायचं, कापायचं काम दिलं. ठणका होताच, पण दिवस निघायला लागला. एका दुपारी त्याने बारीक शीळ घालून बघितली. दोन स्वर निघाले, पुढे डोकं भणभणलं, तरी घरी जाऊन त्याने ते बायकोला सांगितलं.

रोज सकाळी ती पट्टी बांधायची आणि रोज त्याला लाज वाटायची. सोंग ते सोंगच. पण सोडवत नव्हतं.

सोंग उघडं पडलं ते कुणी चुगली केली म्हणून नाही. थोरल्याच्या जिवाला घोर लागला म्हणून. एवढे दिवस जखम भरत नाही म्हणजे आत काहीतरी चिघळलंय, असं त्याने घेतलं. एके दिवशी दुपारी तो कापूस, मलम आणि नवी पट्टी घेऊन आला आणि म्हणाला, "इकडे बस. बघू मला."

"नको दादा. घरी बांधते ती."

"तिला काय कळतंय? बस म्हणतो ना."

धाकट्याने डोक्यावर हात धरला. थोरल्याने तो लहानपणी करायचा तसा बाजूला केला आणि हलक्या हाताने पट्टी सोडवायला लागला. एकेक वेढा सुटत होता आणि तो पुटपुटत होता, "दुखलं तर सांग हं. दुखलं तर सांग." शेवटचा वेढा सुटला. खाली जखम नव्हती. टाक्यांच्या रेघेवर चांगले दाट केस उगवले होते.

थोरल्याने त्या केसांवरून बोट फिरवलं.

"दादा, डोकं खरंच दुखतं रे. पट्टी तेवढी खोटी होती."

"मला झोप लागत नाही रात्रीची," थोरला म्हणाला. "डोळे मिटले की शिडी दिसते. आणि तू सोंग घेतलंस? माझ्यासमोर?" त्याने पट्टीचा बोळा करून पत्र्याच्या कातरणात फेकला, कापूस नि मलमही फेकलं, आणि दारावरचं जाड कापड ओढून काढलं. त्या दिवशी त्याने सगळं ठोकायचं काम आत, भावाच्या शेजारी बसून केलं. धाकटा उठून गेला नाही. जायचं तोंड कुठे होतं त्याला?

दुसऱ्या दिवशी धाकटा उघड्या डोक्याने आला. कुणाशी न बोलता ऐरणीपाशी बसला, बेकरीवालीच्या ट्रेचा पत्रा पुढे ओढला आणि हातोडी उचलली. समोर थोरला कात्री चालवत होता. "बरं झालं ना आता?" असं आज त्याने विचारलं नाही.

ठण्. ठण्. ठण्. धाकटा न थांबता कड बसवत होता. थोरल्याने रागारागाने दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं आणि त्याची कात्री थांबली. प्रत्येक घावाला धाकट्याचे डोळे मिटत होते. घाव पडल्यावर नाही. हातोडी वर असतानाच, पडायच्या आधी, चेहरा आवळून तो डोळे मिटत होता आणि आंधळ्यासारखा घाव घालत होता. पत्र्यावर डोळे मिटून हातोडी मारू नये हे त्याला थोरल्यानेच शिकवलं होतं, तो ऐरणीएवढा होता तेव्हा. आता आपण डोळे मिटतोय हे धाकट्याच्या गावीही नव्हतं.

"थांब," थोरला म्हणाला.

ठण्. ठण्.

"थांब म्हणतो ना! दुखतंय का?"

"नाही," धाकटा म्हणाला. ओठ पांढरे पडले होते आणि डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळत होतं. "बरं झालं, दादा. बरं झालं."

थोरल्याने उठून त्याचं मनगट धरलं आणि हातोडी काढून घेतली. मग खाली बसून त्याने ट्रेच्या कडेवरून बोट फिरवलं. कड नागमोडी झाली होती. उंचवटा, खळगा, उंचवटा. काम चुकवायला माणूस कामावर येणार नाही, आजारी पडल्याचं सोंगही आणेल. पण आपल्या भावाने अशी कड जाणूनबुजून केली असती तर त्याचा हातच गळून पडला असता, हे थोरल्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो पुन्हा पुन्हा त्या कडेवरून बोट फिरवत राहिला. त्याच्या बोटाला पत्रा लागून रक्त आलं तेही त्याला कळलं नाही.

मग तो कोपऱ्यात गेला. कातरणातून पट्टीचा बोळा शोधून काढला, झटकला, तिच्यात अडकलेले पत्र्याचे बारीक तुकडे एकेक करून वेचले. धाकट्याच्या मागे उभा राहून त्याने ती पट्टी बांधायला घेतली. कामाची बोटं, नीट जमत नव्हतं. एक वेढा कानावर आला, एक भुवईवर.

"दादा, राहू दे. खोटी आहे ती."

"गप्प बस," थोरला म्हणाला.

तेवढ्यात उंबऱ्यावर बेकरीवाली आली. काल दुकानात काय झालं ते तिला माहीत नव्हतं. तिने धाकट्याचं तोंड बघितलं, त्याच्या डोक्याशी चाललेली थोरल्याची खटपट बघितली आणि ट्रेचं विचारायचं विसरली.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "अजून तसंच? कधी बरा व्हायचा हो हा?"

थोरल्याचा हात सवयीने वर गेला. "पर..." एवढंच त्याच्या तोंडातून निघालं. मग त्याने हात खाली आणला आणि सुटू घातलेली गाठ पुन्हा धरली.

"माहीत नाही," तो म्हणाला. "दुखतंय त्याला अजून."

ठणका तसाच होता, काडीनेही कमी झाला नव्हता. धाकट्याने मागे उभ्या असलेल्या भावाच्या पोटाला डोकं टेकवलं आणि तो रडायला लागला. अगदी आवाज न करता, कारण आवाज त्याला सोसत नव्हता.